मदत हवी आहे: गौरीच्या जेवणाची ६० पाने, कचरा आणि उरलेले अन्न टाळून कशी करावीत?

नमस्कार.

आमच्या घराण्यात ज्येष्ठागौरी तीन भावांकडे पाळीने बसतात आणि यंदाची पाळी आमची आहे. पुण्यातील आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात पूजनाच्या दिवशी साधारण ६० पाने होतील, असा अंदाज आहे. सवाष्णी, मुले आणि दोन्हीकडचे नातेवाईक धरून हा आकडा काढला आहे, त्यामुळे तो फारसा कमी होणार नाही. मला या जेवणात दोन गोष्टी टाळायच्या आहेत: एकदा वापरून फेकून द्यायची पत्रावळ आणि पानात टाकलेले अन्न. त्यासाठी ज्यांनी घरी असे केले आहे त्यांच्या अनुभवाची गरज आहे.

गेल्या वर्षी गौरी धाकट्या दिरांकडे होत्या. तिसरी पंगत उठल्यावर मी आणि माझी सहावीतली मुलगी पाने उचलत होतो. जवळजवळ प्रत्येक पानात डावीकडच्या दोन-तीन कोशिंबिरी तशाच होत्या, खोबऱ्याच्या चटणीला हात लागलेला नव्हता आणि पुरणपोळीचा निम्मा तुकडा तुपासकट पडलेला होता. मुलीने अशा अर्ध्या पोळ्या मोजल्या, त्या २३ भरल्या. "आई, आजी पहाटे चारला उठली होती ना यासाठी?" असे तिने विचारले, तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते. सासूबाईंचे पुरण वाटण्यापासूनचे कष्ट मी जवळून पाहिले होते, म्हणून ते पिशवीत लोटताना फार वाईट वाटले.

त्या पत्रावळींवर केळीच्या पानाचे हिरवे चित्र छापलेले होते आणि विकणाऱ्याने त्या कागदाच्याच असल्याचे सांगितले होते. खात्री करावी म्हणून मी एक कोरी पत्रावळ घरी आणून रात्रभर पाण्याच्या बादलीत भिजत ठेवली. सकाळी कागदाचा लगदा बोटांनी सहज निघून आला आणि हातात हिरव्या चित्राचा पातळ, चिवट, न फाटणारा पापुद्रा राहिला. महाराष्ट्रात प्लास्टिक आणि थर्माकोलच्या ताटवाट्यांवर २०१८ मध्ये बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकच्या ताटल्या, पेले व चमचे बंद झाले, तरी असा पापुद्रा कागदाच्या नावाखाली आपल्या पंगतीत येतो. कचरा वेचणाऱ्यांना तो कागदात घालता येत नाही आणि खतातही तो कुजत नाही. त्यामुळे यंदा चकचकीत पत्रावळ घरात आणायची नाही, एवढे नक्की ठरले आहे.

आता तिच्या जागी काय घ्यावे, हा माझा पहिला प्रश्न आहे. केळीचे पान मला मनापासून आवडते, पण गौरीच्या आदल्या दिवशी मंडईत ते महाग असते आणि गड्डीतली बरीच पाने शिरेपाशी फाटलेली निघतात. पळसाची पत्रावळ टिकाऊ असते. वाढण्यापूर्वी तिच्यावर पाण्याचा हबका मारला की ती तडकत नाही, हे मला माहेरी शिकायला मिळाले, परंतु पातळ आमटी काड्यांच्या टाक्यांतून झिरपते आणि सतरंजी खराब होते. पोफळीच्या गळलेल्या झावळीपासून दाबून केलेली ताटे मजबूत असतात, पण तीही एकदाच वापरून टाकायची, म्हणून माझे मन त्यांवर बसत नाही.

माझा कल स्टीलच्या ताटांकडे आहे. शेजारच्या दोन घरांकडून आणि आमच्या सोसायटीच्या सामानातून मिळून ६० ताटे जमतील. यावर घरात पहिला आक्षेप पाण्याचा आला आणि तो रास्त आहे. म्हणून मागच्या रविवारी मी १२ ताटे दोन प्रकारे घासून पाहिली. वाहत्या नळाखाली घासताना खाली बादल्या लावल्या, तर तीन बादल्या भरल्या. नंतर तितकीच ताटे आधी नारळाच्या शेंडीने कोरडी निपटून घेतली, मग घासून दोन टबांत एकामागून एक बुडवून काढली, तेव्हा एका बादलीहून थोडे अधिक पाणी लागले. प्रत्येक पंगतीनंतर २० ताटे अशी घासायची झाली, तर दोन माणसे आणि साधारण अर्धा तास लागेल, असा माझा हिशेब आहे. तिसऱ्या पंगतीपर्यंत टबातले पाणी तेलकट होते का, ते कधी बदलावे आणि घासणाऱ्यांची पाळी कशी लावावी, हे कुणी अनुभवाने सांगेल का? हे काम फक्त सुनांच्या वाट्याला येऊ नये, अशीही माझी इच्छा आहे.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. आमच्याकडे गौरीला सोळा भाज्या, सोळा कोशिंबिरी आणि पाच पक्वान्ने असतात. "डावी-उजवी भरल्याशिवाय पान शोभत नाही," असे सासूबाई म्हणतात आणि त्यांच्या म्हणण्यातला मान मला कळतो. वर्षातून तीन दिवस माहेरी आलेल्या लेकीला उणे काही वाढायचे नाही, ही त्यामागची भावना आहे. सोळा भाज्यांची एकत्र भाजी अनेक घरांत करतात आणि त्याला त्यांची तयारी आहे. कोशिंबिरींबाबत मी असे सुचवू इच्छिते की, सोळाही वाटीवाटीने करून नैवेद्याच्या पानात वाढाव्यात आणि पंगतीत त्यांतल्या चारच घ्याव्यात. नैवेद्यासाठी केलेले उरले, तर ते घरच्यांनी प्रसाद म्हणून संध्याकाळी संपवावे. ज्यांच्या घरी अशी पद्धत बसली आहे, त्यांनी ती वडीलधाऱ्यांपुढे कशी मांडली? मला त्यांचे मन दुखवून काही करायचे नाही.

खरे तर जपून खाण्याची शिकवण याच सणात आहे. गौरी येण्याच्या थोडे आधी ऋषिपंचमीला आपण जी भाजी करतो, तिच्यात बैलाच्या कष्टाचे काही चालत नाही. परसात किंवा बांधावर आलेले अळू, लाल माठ, सुरण, पडवळ, दोडका, मक्याचे कणीस असे जे त्या वेळी मिळते ते सगळे एकत्र शिजते आणि तेल-मसाल्याशिवायही ती भाजी गोड लागते. गौरीच्या सोळा भाज्याही याच भाद्रपदातल्या घ्याव्यात, असे मी ठरवले आहे. मटार, गाजर आणि फ्लॉवर ही हिवाळ्याची भाजी. आकडा भरण्यासाठी ती लांबून आणण्याचे कारण मला दिसत नाही. शिवाय दोडक्याच्या शिरा काढल्या की त्या तीळ आणि सुक्या खोबऱ्याबरोबर मंद आचेवर कुरकुरीत भाजून सासूबाई जी चटणी करतात, ती ताटात कधीच उरत नाही. अळूची देठे सोलून भाजीतच जातात आणि पुरणाचा कट आमटीला जातो, हे तर आपल्या प्रत्येकाच्या घरी होते.

पुरणाच्या मापाबद्दलही मत हवे आहे. आमच्या मापाने एक किलो हरभरा डाळीच्या साधारण ४० पोळ्या होतात. गेल्या वर्षी ६० माणसांना चार किलोंचे पुरण घातले होते आणि ते बरेच उरले. भात, भाजी, भजी आणि खीर असताना मुले अर्धी पोळी खातात व मोठी माणसे दीड-दोन खातात. या हिशेबाने मी अडीच किलो डाळ धरली आहे. पोळ्या कमी पडतील, ही धास्ती घरात सगळ्यांना आहे, म्हणून पोळी अर्धी करून वाढावी आणि मागेल त्याला आनंदाने दुसरी द्यावी, असा माझा विचार आहे. अडीच किलो पुरेल का?

तिसरा प्रश्न खताचा आहे. आमच्या गच्चीवरच्या दोन पिंपांत घरचा ओला कचरा नीट मुरतो, परंतु गेल्या पावसाळ्यात शिजलेले अन्न घातले तेव्हा वास सुटला आणि अळ्या झाल्या. भाद्रपदात वाळलेला पाला मिळत नाही. लाकडाचा भुसा आणि फाडलेला पुठ्ठा यांवर भागते का, आणि भाज्यांच्या सालींत किती प्रमाणात मिसळावा?

तळणीचे तेल उरू नये म्हणून लहान कढईत थोडे थोडे तेल घेऊन तळणार आहे, त्यामुळे त्याबद्दल वेगळे विचारत नाही.

आपल्या अनुभवाची वाट पाहते.

भर, चार दिवसांनंतर:

सर्व प्रतिसादांसाठी मनापासून आभार. टबांबाबत आलेली सूचना फार उपयोगी पडली: पहिला टब दर पंगतीला बदलावा आणि दुसऱ्याचे पाणी पुढच्या वेळी पहिल्यात घ्यावे. घासण्याच्या पाळ्या आता लिहून स्वयंपाकघरात लावल्या आहेत. पहिल्या पंगतीनंतर दोन्ही दीर, दुसरीनंतर माझे यजमान आणि मोठा पुतण्या, तिसरीनंतर आम्ही जावा. पुरण अडीचऐवजी पावणेतीन किलो करावे, असे तिघांनी सांगितले आहे आणि ते मी मान्य केले आहे. खतासाठी पुठ्ठा एक-दोन बोटे रुंदीचा फाडून सालींच्या दुप्पट घालायचा व शिजलेले अन्न अजिबात घालायचे नाही, हेही कळले.

कोशिंबिरींचे सासूबाईंशी बोलले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या की, त्यांच्या लहानपणी घरात दहाच माणसे असत, तेव्हा कोशिंबीर चमचाभरच करत. वाटीभर करण्याची रीत मागाहून आली. नैवेद्याच्या पानाला त्यांनी होकार दिला आहे. मात्र त्यांची एक अट आहे. पंगतीत जेवणाऱ्या पाच सवाष्णींना तरी सोळाही चवी चमचा-चमचा मिळाल्या पाहिजेत, आणि त्या स्टीलच्या ताटात नव्हे तर केळीच्या पानावर, शेंडा डावीकडे ठेवून वाढल्या पाहिजेत. ही अट मला मान्य आहे. आता फक्त सहा पाने हवीत, पाच सवाष्णींची आणि एक नैवेद्याचे. पुण्यात कुणाच्या परसात किंवा सोसायटीच्या आवारात केळ असेल आणि गौरीपूजनाच्या सकाळी सहा अखंड पाने देणे शक्य असेल, तर कृपया कळवावे. पाने कापायला मी स्वतः येईन.