जुनं घर, बोरिंगचं पाणी आणि नळांची कटकट : तुमच्याकडे काय काय झालं ते सांगा

रामबागवाली

आमचं इंदूरच्या रामबागेतलं घर आजेसासऱ्यांनी बांधलेलं, वरचे दोन मजले नंतर चढवलेले, आणि पाइप मात्र ज्या पिढीला जसं सुचलं तसे जोडलेले. म्हणजे कुठे लोखंडी, कुठे प्लास्टिकचा, एका ठिकाणी तर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली आहे ती कोणी गुंडाळली ते कोणालाच आठवत नाही. नर्मदेचं नळाचं पाणी एक दिवसाआड येतं ते खालच्या हौदात, ते पिण्याला नि स्वयंपाकाला. बाकी सगळं बोरिंगचं, ते थेट गच्चीवरच्या टाकीत.

तर गेल्या पंधरा दिवसांपासून सगळ्यात वरच्या बाथरूममध्ये नळ पूर्ण सोडला तरी करंगळीएवढी धार. खाली सगळं ठीक. प्लंबर आला, बघितलं न बघितलं आणि म्हणाला, "भाभीजी, पूरी लाइन चोक है, दीवार तोड़नी पड़ेगी," पस्तीस हजार. ह्यांचं म्हणणं एकदाचं करून टाकू, सासूबाईंचं म्हणणं टाइल्स दोन वर्षांपूर्वीच लावल्यात त्यांना हात लावायचा नाही, आणि मी दोघांच्या मधे बादली घेऊन उभी. भिंत फोडायच्या आधी विचारते, जुन्या घरात जड, म्हणजे क्षाराच्या पाण्याने तुमच्याकडे काय काय झालं, किती पैसे गेले, कशाने खरंच फरक पडला? ऐकीव नको, स्वतःचं सांगा.

खडखड गीझर

तिलकनगर. आमच्या गीझरमधून लाह्या फुटल्यासारखा आवाज यायचा, तडतड तडतड, आणि आम्ही चार महिने म्हणत राहिलो की थंडी आहे, चालायचंच. मग एक दिवस पाणी तापेचना. मेकॅनिकने खालची प्लेट उघडली तर आधी अर्धं घमेलं भरून पांढऱ्या खपल्या पडल्या, आणि एलिमेंट बाहेर काढलं तर ते दिसेचना, त्यावर चिरोट्याच्या पदरांसारखे थर. त्याने सांगितलं की तो थर बसला की उष्णता पाण्यात जातच नाही, एलिमेंट आतल्या आत तापून जळतं, आणि तो तडतड आवाज म्हणजे थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ. आत एक मॅग्नेशियमची कांडी असते, टाकी गंजू नये म्हणून ती स्वतः झिजते, आमच्या कांडीची नुसती तार उरली होती. सहा वर्षं गीझर वापरला आणि असली कांडी असते हेच माहीत नव्हतं.

आता दर दिवाळीच्या साफसफाईत गीझर उघडून घेतो आणि थर्मोस्टॅट ५० वर ठेवतो. पाणी जितकं जास्त तापवाल तितका क्षार जास्त बसतो. आमच्या बाबांना चटका बसेल असंच पाणी लागायचं, त्यांची समजूत घालायला एलिमेंटपेक्षा जास्त वेळ गेला.

चूक माझीच

नाव मुद्दाम असं ठेवलंय. रामबागवाली, कोणीतरी तुम्हाला सांगेलच की पाइपात ॲसिड ओता, सगळं मोकळं होईल. मी ओतलं होतं. बाथरूम धुवायचं ते पिवळं ॲसिड, शॉवरच्या लाइनमध्ये, फनेल लावून. फेस आला, फसफसलं, धार वाढली, मी आठ दिवस मिरवलो. नवव्या दिवशी भिंतीला ओल. लोखंडी पाइपला आतून गंजाने छिद्रं पडलेलीच होती, क्षाराच्या थराने ती बुजली होती, मी तो थरच काढून टाकला. वर जस्ताचा जो काही मुलामा उरला होता तोही ॲसिडने खाल्ला. महिन्याभरात भिंतीला असा लोणा लागला की हात लावला की पोपडा हातात.

आणि एक, हे गंमत म्हणून सांगत नाही. त्याच मोरीत बायकोने सकाळी ब्लीचिंग पावडर टाकली होती, मला माहीत नव्हतं. वरून ॲसिड गेल्याबरोबर जो वास उठला त्याने दोघांचे घसे बसले, डोळे चुरचुरायला लागले, दार उघडून ओट्यावर जाऊन बसलो. तो क्लोरीन असतो. ॲसिड आणि ब्लीच एकत्र कधीही नको, मोरीत तर नकोच नको.

शॉवरची चाळणी, नळाच्या तोंडाची जाळी हे काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवून ठेवा, तेवढं पुरतं. पाइपात काही ओतू नका.

निवृत्त ओव्हरसियर

पाणीपुरवठ्यातच नोकरी झाली म्हणून थोडं लांबण लावतो, कंटाळा आला तर पुढे जा.

माळव्याची जमीन म्हणजे खाली काळा बसाल्ट खडक. पावसाचं पाणी त्याच्या भेगांतून मुरत मुरत जाताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेतं, तेच बोरिंगमधून वर येतं. १९७८ साली नर्मदाकाठच्या जलूदहून नर्मदेचं पाणी इंदूरला आलं, सत्तर किलोमीटर पाइपातून आणि घाट चढून, त्याच्या आधी यशवंत सागर आणि बिलावली वगैरे तलावांवर शहर चालायचं. नर्मदेचं पाणी बोरिंगपेक्षा पुष्कळ बरं, पण अगदी निर्मळ समजू नका, पातेल्याच्या तळाला हळूहळू पांढरं तेही आणतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला धरलाय, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं आहे.

आता वहिनींच्या नळाबद्दल. वरच्या मजल्यावर धार कमी आणि खाली ठीक, यावरून सगळी लाइन चोक असं म्हणता येत नाही. दहा मीटर पाण्याच्या उंचीला साधारण चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब मिळतो. टाकी तुमच्या वरच्या नळाच्या दोनच मीटर वर असेल तर दाब आला ०.२ किलो, म्हणजे नसल्यासारखाच. तिथे जरासा अडथळा आला तरी धार मरते. खालच्या मजल्याला उंची जास्त म्हणून तेवढाच अडथळा तिथे जाणवतही नाही. बाकी अर्ध्या इंची पाइपचा आतला व्यास निम्मा झाला तर वाट निम्मी नाही, चौथाई उरते, आणि धार त्याहूनही कमी.

तेव्हा एक करा. घड्याळ आणि बादली घ्या. नळाखाली बादली किती सेकंदांत भरते ते लिहा. मग गच्चीवर टाकीतून निघाल्याबरोबर जे युनियन, म्हणजे पाइपचा उघडता येणारा जोड, असेल ते उघडून तिथे बादली लावा. तिथेच धार नसेल तर भिंत निर्दोष आहे.

सुदामानगर दुसरा मजला

काका, चौथाईवाली गोष्ट मी डोळ्यांनी बघितलीये. आमच्याकडे कापलेल्या पाइपच्या तुकड्यात पेन्सिल जाईना. बाहेरून अर्धा इंच, आतून तपकिरी गाठी आणि मधे एवढंसं भोक. मी तो तुकडा अजून ठेवलाय, पाहुण्यांना दाखवते. खपलीवर लिंबू पिळलं, पांढरी होती तिथे बुडबुडे आले, तपकिरी होती तिथे काहीच नाही. पांढरा तो क्षार, तपकिरी तो गंज.

आम्ही सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं मशीन, बसवला. विकणारा आला तो टीडीएसचं (पाण्यात एकूण किती विरघळलंय ते दाखवणारं) मीटर घेऊन, बोरिंगच्या पाण्यात बुडवून मोठा आकडा दाखवला, आम्ही घाबरलो, घेतला. बसवून झाल्यावर मी तेच मीटर बुडवलं, आकडा तेवढाच!

पुण्यात राहतो पण इंदूरचाच

तेवढाच येणार. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेतो आणि बदल्यात सोडियम देतो, विरघळलेलं काहीतरी राहतंच. टीडीएस म्हणजे जडपणा नाही. विकणाऱ्याला हे माहीत असतं, फक्त तो सांगत नाही.

सुदामानगर दुसरा मजला

हो ना, ते नंतर कळलं. मग मी आपली घरची परीक्षा केली. दोन सारख्या बाटल्या, एकीत बोरिंगचं पाणी, एकीत सॉफ्टनरचं, दोन्हींत साबणाचे सारखेच थेंब, आणि हलवायचं. बोरिंगच्या बाटलीत वर दह्यासारखा चोथा आणि फेस नावाला, दुसरीत बोटभर फेस. म्हणजे मशीन काम करत होतं, ते मीटरच जडपणा मोजायचं नव्हतं. रंगपंचमीला राजवाड्याची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, बघून आलो की आधी रंग निघता निघायचा नाही, अर्धा साबण संपायचा, आता एकदा धुतलं की निघतो.

पण कटकट आहेच. मिठाची गोणी आणायची, वेळेवर मशीनची धुलाई करायची, नाही केली की मशीन नुसतं शोभेचं. आणि सहा महिने तेच पाणी कुंड्यांना घातलं, तुळस वाळली. सोडियम झाडांना नको, हे आधी कोणी बोललं नाही. आता झाडांना वेगळी तोटी. तुरीची डाळ मात्र नर्मदेच्या पाण्यातच, बोरिंगच्या पाण्यात शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी दाणा टणकच.

जुनी इंदूर, तळमजला

आमचं थोडक्यात. फ्लशची टाकी. आवाज नाही, गळती दिसत नाही, आणि गच्चीवरची टाकी मात्र सकाळी अर्धी. शेजारच्या काकूंनी युक्ती सांगितली, रात्री फ्लशच्या टाकीत निळीचे चार थेंब टाक आणि कोणी वापरू नका. सकाळी खालचं भांडं निळं! आतल्या रबरावर क्षाराचा खडबडीत थर बसला होता म्हणून ते नीट टेकत नव्हतं. रबर बदललं, दीडशे रुपये. तोपर्यंत आम्ही भाडेकरूंवर संशय घेत होतो, त्यांना अजून सांगितलेलं नाही.

पितळी नळाचा भक्त

नवे पाव फेऱ्यात उघडणारे नळ दिसायला छान, पण आमच्या पाण्यात टिकत नाहीत. आत चिनी मातीच्या दोन चकत्या असतात, त्यांत क्षाराचा कण अडकला की एकतर फिरत नाहीत नाहीतर गळतात, आणि मग पूर्ण कार्ट्रिज बदला. आईच्या लग्नाआधीपासूनचा पितळी नळ मोरीत आहे, त्याचा वॉशर मी स्वतः बदलतो, दहा रुपयांत. गळायला लागला की लोक आणखी जोरात आवळतात, त्याने वॉशर तर चिरतोच आणि खालची बैठकही खराब होते. एकदा त्याच्याखाली रात्री दहाला बादली ठेवली, सकाळी सहाला अर्धी होती. टिपटिपच होती बरं का नुसती.

चूक माझीच

आईच्या लग्नाआधीचा नळ घराबाहेर ठेवू नका, आमच्या गल्लीत पितळेची तोटी एक रात्र टिकत नाही.

गणपतीतला पूर

धार वाढवायला कोणी प्रेशर पंप सुचवला तर माझं वाचा. आम्ही बसवला, गणपतीच्या दुसऱ्या दिवशी. वीस माणसं घरी, सगळ्यांना शॉवरची मजा. रात्री दोनला स्वयंपाकघरात छपछप आवाज, उठून दिवा लावला तर घोट्याएवढं पाणी आणि त्यात पाट तरंगतायत. जुन्या लोखंडी एल्बोला (पाइपच्या वळणावरच्या जोडाला) तो दाब झेपला नाही. गुरुजी आणि सासरे रात्री तीनला मोदकांचे डबे उचलून वर नेतायत हे दृश्य मी विसरणार नाही.

आणि त्याच्या आधी आमच्याकडे टुल्लू, म्हणजे पाणी खेचायचा छोटा पंप, थेट नर्मदेच्या लाइनला लावलेला होता. तेही वाईट. खेचताना लाइनमध्ये कुठे फट असली की बाजूची घाण आत ओढली जाते. आमच्या पाण्याला दोन दिवस नाल्याचा वास येत होता, तेव्हा काढला. आता पाणी आपलं आपण हौदात पडतं, हौदातून मोटर.

रामबागवाली

सगळ्यांना खूप खूप थँक्यू. आता आमचं ऐका. रविवारी ह्यांना आणि भाच्याला बादली-घड्याळ घेऊन गच्चीवर पाठवलं. वरच्या बाथरूमच्या नळाला बादली भरायला साडेतीन मिनिटं. मग टाकीच्या बुडाशी वरच्या बाथरूमसाठी जी वेगळी लाइन निघते तिथलं युनियन उघडलं, आणि ओव्हरसियर काका, तिथेसुद्धा तीच करंगळी! म्हणजे भिंत निर्दोष.

मग त्या युनियनच्या आधीचा, टाकीलगतचा गेट वॉल्व काढला. चाक छान फिरत होतं, उघडा म्हणाल तर उघडं, बंद म्हणाल तर बंद, पण आतला पडदा दांड्यापासून सुटून खाली क्षारात रुतून बसला होता, चारांतले तीन भाग वाट बंद. चाक नुसतं दांडा फिरवत होतं. उन्हाळ्यात टाकी धुताना ह्यांनीच तो बंद केला होता हेही निघालं, त्यावर घरात काय झालं ते इथे लिहीत नाही.

सियागंज बाजारातून नवा वॉल्व आणला, पितळी, आणि त्याखालचा दिसणारा सहा फूट लोखंडी पाइप काढून सीपीव्हीसीचा (प्लास्टिकचा) टाकला, त्याला उन्हासाठी रंग मारला. मजुरीसकट दोन हजार सातशे. बादली आता पन्नास सेकंदांत. काढलेल्या पाइपात पेन्सिल जाते, पण पेन जात नाही, म्हणजे भिंतीतला आज ना उद्या बदलावा लागेलच हे मलाही दिसतंय. टाइल्सची गोष्ट सासूबाईंशी दिवाळीनंतर काढेन. गरम पाण्याच्या नळाची धार अजून तशीच आहे, गीझर उघडायला गुरुवारी माणूस येतोय, चिरोटे निघाले तर फोटो टाकते.