जुन्या जीपमध्ये एसीच्या कॉम्प्रेसरवर हवा भरण्याची सोय करावी का? जाणकारांचा सल्ला हवा आहे

जांबोटीचा शेतकरी

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे महिंद्राची जुनी एमएम ५४० डिझेल जीप आहे. तिला एसी कधीच नव्हता, त्यामुळे इंजिनच्या बाजूला थोडी मोकळी जागा आहे. आमची शेती खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे कणकुंबीच्या वाटेवर आहे. जूनपासून ऑगस्टपर्यंत शेतरस्त्यावर असा चिखल होतो की टायरमधली हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि डांबरी रस्त्याला लागल्यावर ती पुन्हा ३० पर्यंत भरावी लागते. त्याशिवाय भावाचा ट्रॅक्टर आहे. त्याचे मागचे टायर १३.६-२८ मापाचे आहेत. शेतात पंक्चर झाले की ट्यूबला ठिगळ आम्ही घरीच लावतो, पण हवा भरण्यासाठी चाक गाडीत घालून खानापूरला न्यावे लागते आणि त्यात अर्धा दिवस जातो.

गाडीच्या एसीचा जुना कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर चालवून त्यातून हवा मिळवता येते, असे अनेकांकडून ऐकले आहे. कोणता कॉम्प्रेसर घ्यावा, त्याच्या तेलाची व्यवस्था कशी करावी आणि टाकी कोणती लावावी, हे ज्यांनी काम केले आहे किंवा जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे. शक्य तितके काम बेळगावातच व्हावे, अशी इच्छा आहे.

उद्यमबागेतला टर्नर

दादा, आधी हिशेब मांडू, कारण गरज किती आहे हे कळल्याशिवाय सल्ला देणे योग्य नाही. तुमच्या जीपचे टायर मूळ ६.००-१६ मापाचे असतील, तर एका टायरची पोकळी साधारण ३०-३५ लिटरची आहे. १८ वरून ३० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.८ किलोची दाबवाढ, म्हणजे प्रत्येक टायरला २५-३० लिटर हवा आणि चारही टायरना मिळून शे-सव्वाशे लिटर. एवढ्यासाठी बॅटरीवर चालणारा, मिनिटाला ३० लिटर हवा देणारा १२ व्होल्टचा चांगला पंप पुरेसा आहे, आणि गरज फक्त जीपची असती तर मी तुम्हाला या उद्योगात पडूच दिले नसते.

ट्रॅक्टरमुळे मात्र चित्र बदलते. १३.६-२८ टायरची पोकळी अंदाजे अडीचशे लिटर आहे. ती रिकामी असताना २० पीएसआयपर्यंत न्यायची तर साडेतीनशे लिटरच्या आसपास हवा लागते, आणि तो छोटा पंप एवढा वेळ सलग चालवला की तापून बंद पडतो. याउलट सँडनचा एसडी ५०८ हा पाच सिलिंडरचा कॉम्प्रेसर एका फेऱ्यात १३८ सीसी हवा ओढतो. १५०० आरपीएमला ते हिशेबाने मिनिटाला २०७ लिटर होतात, आणि गळती व तापणे धरून त्यातले साठ टक्के हाती आले तरी ट्रॅक्टरचे चाक तीन-चार मिनिटांत भरते. सात सिलिंडरचा एसडी ७एच१५ मिळाला तर त्याचे विस्थापन १५५ सीसी आहे. म्हणून तुमच्या बाबतीत माझे उत्तर होकारार्थी आहे, पण एका अटीवर: तेलाचा प्रश्न पूर्ण सोडवूनच पट्टा चढवावा.

तो प्रश्न असा आहे. सँडनसारख्या कॉम्प्रेसरमध्ये तेलाची वेगळी, स्वतंत्र व्यवस्था नसते. एसीमध्ये तेल गॅसबरोबर सगळ्या नळ्यांतून फिरते आणि सक्शनच्या, म्हणजे आत ओढण्याच्या, वाटेने परत येऊन पिस्टन हलवणाऱ्या तिरक्या चकतीला (वॉबल प्लेटला), बेअरिंगना आणि पिस्टनना भिजवते. तुम्ही मोकळी हवा ओढून टायरमध्ये सोडाल तेव्हा परत येणारे काहीच नसेल, त्यामुळे आतले तेल हळूहळू हवेबरोबर निघून जाईल आणि कोरडा कॉम्प्रेसर एके दिवशी जाम होऊन पट्टा तोडेल. यॉर्कचे जुने उभे, दोन पिस्टनचे कॉम्प्रेसर या कामासाठी नावाजले गेले, कारण त्यांना तळाशी स्वतःची तेलाची टाकी असते. एखाद्या जुन्या आयात गाडीचा यॉर्क २०९ किंवा २१० भंगारात दिसला तर तो सोडू नका, पण आपल्या बाजूला तो क्वचितच मिळेल. जो मिळेल तो बहुधा सँडन किंवा तत्सम जातीचा असेल.

सँडन घेताना दोन गोष्टी हाताने पाहा. पट्ट्याची पुली कॉम्प्रेसरला जोडणारा-तोडणारा विजेचा क्लच असतो, त्याच्या पुढची चकती हाताने फिरवा. ती खरखर न करता, पण थोड्या अडखळत्या जोराने फिरली पाहिजे. मागच्या डोक्यावर 'एस' (सक्शन) आणि 'डी' (डिस्चार्ज, म्हणजे हवा बाहेर पडण्याची बाजू) अशी अक्षरे कोरलेली असतात. 'डी'च्या तोंडावर अंगठा घट्ट धरून फिरवा, अंगठा उचलला गेला पाहिजे. 'एस'वर धरला तर तो आत ओढला गेला पाहिजे. हे झाले नाही तर आतल्या पातळ पट्ट्यांच्या झडपा गेल्या आहेत असे समजून पुढच्या दुकानात जा.

तेलासाठी आमच्याकडे प्रत्येक वर्कशॉपमध्ये भिंतीवर हवेच्या लाइनचे एफआरएल (फिल्टर, दाब नियंत्रक आणि लुब्रिकेटर) युनिट असते, त्यातला हवेत तेल सोडणारा लुब्रिकेटरचा भाग कामाला येतो. तो सक्शनच्या आधी आणि एअर फिल्टरच्या नंतर बसवावा, म्हणजे ओढल्या जाणाऱ्या हवेबरोबर थेंब थेंब तेल आत जाते. डिस्चार्जनंतर टाकीच्या आधी तेल वेगळे करणारा फिल्टर लावावा आणि त्याच्या तळातून बारीक नळी पुन्हा सक्शनकडे आणावी, म्हणजे तेच तेल फिरत राहते आणि टाकीत तेलाचा चिखल होत नाही. थेंबांचे प्रमाण ठरवण्याची सोपी रीत अशी की, डिस्चार्जच्या तोंडासमोर पांढरा कागद थोडा वेळ धरावा. त्यावर पुसट तेलकट डाग उमटला तर प्रमाण बरोबर आहे, ओघळ आला तर जास्त आहे, आणि कागद कोरडा राहिला तर लगेच बंद करावे.

काही जण बाजूचा तेलाचा बूच काढून तिथे ग्रीसचे निप्पल बसवतात आणि आत ग्रीस भरतात. रोज थोडा वेळ चालणाऱ्या कामाला ते कदाचित पुरेल, पण बारीक वाटांतून ग्रीस प्रत्येक ठिकाणी पोहोचेल याची खात्री देता येत नाही, म्हणून मी ते सुचवणार नाही.

टिळकवाडीतला एसी मेकॅनिक

वरचा प्रतिसाद उत्तम आहे. मला माझ्या धंद्याच्या बाजूने चार गोष्टी जोडायच्या आहेत.

चालू एसीचा कॉम्प्रेसर काढून हवेसाठी वापरू नका, आणि एकाच कॉम्प्रेसरवर एसी व हवा दोन्ही चालवण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नका. एसीतला आर १३४ए हा गॅस मोकळ्या हवेत सहसा पेटत नाही, पण दाबाखाली हवेत मिसळला तर तो जळू शकतो. म्हणूनच एसीची गळती तपासताना आम्ही गॅस भरलेल्या लाइनमध्ये हवा सोडत नाही. ज्या गाडीतून कॉम्प्रेसर काढणार आहात तिच्यात गॅस शिल्लक असेल तर तो रिकव्हरी मशीनने काढून घ्यायला सांगा. तो वातावरणात सोडला तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट उष्णता धरतो, आणि याच कारणासाठी २०१६ च्या किगाली करारात त्याचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे ठरले आहे.

दुसरे म्हणजे तेल. आर १३४ए च्या कॉम्प्रेसरमध्ये पीएजी जातीचे तेल असते. ते हवेतला ओलावा भराभर शोषते, आणि तुमच्याकडे तर पावसाळ्यात हवा ओलीचिंबच असते. ते पूर्ण ओतून काढा, आतून दोन-तीनदा नव्या तेलाने धुऊन घ्या आणि मगच पिस्टन एअर कॉम्प्रेसरसाठी मिळणारे १०० ग्रेडचे खनिज तेल भरा. पीएजी आणि खनिज तेल एकमेकांत नीट मिसळत नाहीत, त्यामुळे वरून भर घालून भागणार नाही.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे उष्णता. एसीमध्ये गाडीतली हवा गार करणाऱ्या बाष्पकाकडून थंड गॅस परत येतो आणि तोच कॉम्प्रेसरला आतून गार ठेवतो. हवेच्या कामात ही सोय नसते. शिवाय हवा दाबली की गॅसपेक्षा जास्त तापते: ३० अंशांची हवा एका टप्प्यात ७ किलोपर्यंत दाबली तर शास्त्राच्या हिशेबाने तिचे तापमान अडीचशे अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. बॉडीतून उष्णता बाहेर पडते म्हणून प्रत्यक्षात ते कमी राहते, तरीही डिस्चार्जला साधी रबरी नळी लावली तर ती टिकणार नाही. तिथे आधी हातभर तांब्याची किंवा पोलादी नळी आणि तिच्यापुढे स्टीलची जाळी असलेली टेफ्लॉनची नळी लावावी. सलग चालवू नये. तापलेल्या नळीत तेलाचा काजळीसारखा थर साचला तर तो पेटतो, आणि हवेच्या कॉम्प्रेसरना आग लागण्याचे ते एक जुने कारण आहे.

नवीन गाड्यांत क्लच नसलेले, विस्थापन आपोआप कमी-जास्त करणारे कॉम्प्रेसर येतात. ते स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका, कारण त्यांचे नियंत्रण गॅसच्या दाबावर चालते आणि हवेवर ते नीट काम करणार नाहीत.

चिकोडीचा ऊसवाहतूकदार

आमच्याकडे गळीत हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या टायरची कटकट रोजचीच असते, म्हणून टाकीबद्दल लिहितो. घरगुती गॅसचे रिकामे सिलिंडर हवेची टाकी म्हणून वापरणारे मी पाहिले आहेत, आणि ते पाहून अंगावर काटा येतो. सिलिंडर तेल कंपनीच्या मालकीचे असते, त्याला भोक पाडणे किंवा वेल्डिंग करणे बेकायदा आहे आणि आत राहिलेल्या गॅसमुळे जीवावर बेतू शकते. प्लॅस्टिकचा पाइपही वापरू नये, कारण हवेच्या दाबाने तो फुटला की त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात.

ट्रकच्या एअर ब्रेकची जुनी टाकी घ्या. ती मुळातच ८ किलोच्या आसपासच्या दाबासाठी बनलेली असते. आत गंज आहे का ते टॉर्च लावून पाहा, पाणी भरून दीडपट दाबावर तपासून घ्या आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नवीनच लावा. ही तपासणी हवेने करू नका, पाण्यानेच करा.

टाकी मोठी असली म्हणजे भरपूर हवा साठते, असा एक गैरसमज आहे. वीस लिटरच्या टाकीचा दाब ८ वरून ६ किलोवर आला तर तिच्यातून फक्त चाळीस लिटर मोकळी हवा मिळते. टाकीचे काम धक्के सामावून घेणे, हवा थोडी गार करणे आणि पाणी गोळा करणे एवढेच आहे. तिच्या तळाला ड्रेन कॉक हवाच. २५ अंशांच्या पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरात सुमारे २३ ग्रॅम पाणी असते. कणकुंबीच्या पावसात तुम्ही रोज ते पाणी काढले नाही तर टाकी आतून गंजेल.

आणखी एक पर्याय सुचवतो. ट्रकचा मूळ एअर ब्रेक कॉम्प्रेसर हवेसाठीच बनलेला असतो आणि त्याला इंजिनचे तेल मिळते. वजन, इंजिनपासून तेलाची नळी आणि तेल परत आणण्याची नळी, या गोष्टी जीपमध्ये जमत असतील तर तो सँडनपेक्षा नक्कीच टिकाऊ आहे.

जांबोटीचा शेतकरी

तिघांचेही मनापासून आभार. ट्रकच्या कॉम्प्रेसरसाठी इंजिनमधून तेलाची वाट काढण्याचे धाडस मला होत नाही, म्हणून सँडन आणि लुब्रिकेटर हाच मार्ग धरतो. दोन शंका राहिल्या आहेत. क्लच चालू-बंद करण्याची वायरिंग कशी असावी? आणि चासीवर वेल्डिंग करून ब्रॅकेट बसवले तर पासिंगच्या वेळी आरटीओत अडचण येईल का?

उद्यमबागेतला टर्नर

वेल्डिंग करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि चासीला उष्णता देणे तसेही वाईट. इंजिनच्या ब्लॉकवरच्या रिकाम्या बोल्टच्या छिद्रांवर १० मिलिमीटर जाडीच्या प्लेटचे ब्रॅकेट बसवा, म्हणजे हवे तेव्हा ते काढताही येईल. कॉम्प्रेसर चासीला आणि पुली इंजिनला असे मुळीच करू नका, कारण इंजिन हलते आणि पट्टा उडतो. क्रँकची पुली आणि क्लचची पुली एका रेषेत आहेत की नाही हे सरळ पट्टी लावून पाहा, आणि पट्टा ताणण्यासाठी लांबट खाच ठेवा.

वायरिंग अशी करा: बॅटरीकडून फ्यूज, तिथून रिले (विजेने चालणारे स्विच) आणि रिलेकडून क्लचची कॉइल. कॉइल साधारण ४ अँपिअर घेते, त्यामुळे १० अँपिअरचा फ्यूज पुरे. रिलेला चालना देणाऱ्या वायरमध्ये डॅशबोर्डवरचे बटण आणि टाकीवरचा प्रेशर स्विच एकापाठोपाठ जोडा. स्विच ७ किलोला बंद आणि ५ ला चालू असा लावा; टायरसाठी त्याहून जास्त दाबाची गरज नाही आणि कॉम्प्रेसरही कमी तापतो. कॉम्प्रेसर आणि टाकीच्या मध्ये नॉन रिटर्न व्हॉल्व्ह लावा, नाहीतर बंद केल्यावर टाकीतला दाब उलटा फिरून कॉम्प्रेसरच्या सीलवर येईल. बटण इग्निशनच्या पुढच्या वायरवरून घ्या, म्हणजे इंजिन बंद असताना क्लच चुकून चालू राहणार नाही.

आणि दादा, टायर ट्यूबवाले असतील तर १८ च्या खाली उतरू नका. चिखलात जोर लावला की टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून फाटतो. चारही व्हॉल्व्ह रिमच्या छिद्रात सरळ उभे आहेत ना, हे प्रत्येक वेळी हवा भरताना पाहा. एखादा तिरका दिसला तर त्या चाकातली हवा पूर्ण सोडून टायर सरळ करा आणि मगच भरा. ब्रॅकेटची मापे घेऊन शनिवारी दुपारी या. प्लेट कापून छिद्रे पाडून देतो.