शाळकरी मुलांच्या हाणामाऱ्या: दोष घराचा, शाळेचा की गावाचा?

शिक्षक, यवतमाळ जिल्हा:
तालुक्याच्या ठिकाणी अकरावी-बारावीला येणाऱ्या मुलांची टोळकी भिडली की मोबाइलला दोष देऊन सगळे मोकळे होतात. आमच्या भागात या हाणामाऱ्या बहुधा वर्गात नव्हे, तर शाळा सुटल्यावर बसस्थानकावर होतात. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या एसटी गाड्या शाळकरी मुलींसाठी आहेत, आणि ते योग्यच आहे. मुले मात्र पुढच्या एसटीची वाट पाहत पानठेल्याभोवती रेंगाळतात आणि तेथे विद्यार्थी न राहता अमुक गावचे, तमुक समाजाचे, अमक्या भाऊंच्या गटाचे होतात. ग्रामपंचायत निवडणुकीत बिनसलेल्या घरांचीच मुले व्हॉट्सॲपच्या स्टेटसवरून एकमेकांच्या अंगावर जातात. (सातबाऱ्यावर नाव चढण्याआधी पोराचे नाव भांडणात चढते.)

निवृत्त मुख्याध्यापक, वाशीम जिल्हा:
सर, हे पटत नाही. तोच ठेला, तीच एसटी, तेच गट. तरीही बहुतेक मुले कोणावर हात उचलत नाहीत. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 17 ने शिक्षा म्हणून होणारी मारहाण आणि मानसिक छळ बंद केला, हे चांगलेच झाले. पण छडीच्या जागी दुसरे काहीच आले नाही. दप्तरात फायटर (बोटांत अडकवून ठोसा मारण्याचे हत्यार) सापडला म्हणून वडिलांना बोलावले, तर "पोट्टं हाय, होते असं" म्हणत तेच आमची समजूत घालतात. घराने असे पाठीशी घातल्यावर दोष गावाचा कसा?

एक पालक, अमरावती जिल्हा:
आपण दोघेही मुलांविषयीच बोलत आहात. पुष्कळदा भांडणाचे निमित्त एखाद्या मुलीचे नाव असते. तिला काही ठाऊकही नसते, पण दुसऱ्या दिवसापासून तिची शाळा बंद होते आणि घरात स्थळांची चर्चा सुरू होते. 2022 पासून शाळांत मुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती आहे. आमच्याकडे ती फक्त फलकावर दिसते.

शिक्षक, यवतमाळ जिल्हा:
ताई, हे मान्य. सर, बहुतेक मुले मारत नाहीत हे खरे, पण ती मागे उभी राहतात. मागे गर्दी नसती तर पुढच्या दोघांनी शिवीगाळीवरच भागवले असते. न आलेल्याला गावात भित्रा ठरवतात. म्हणून म्हणतो, गाडीची वेळ बदला, म्हणजे ही गर्दीच जमणार नाही.

निवृत्त मुख्याध्यापक, वाशीम जिल्हा:
त्याच उभ्या राहणाऱ्यांना आम्ही चौकशीत एकेकटे बसवून विचारले, तेव्हा एकानेही नाव घेतले नाही, कारण संध्याकाळी त्याच मुलांसोबत गावी परतायचे असते. गाडीची वेळ बदलून ही भीती कशी जाईल, ते सांगा.