लिओनार्दोचं कुतूहल मोठं, की अर्धवट टाकलेली कामं?

रेघोट्या
लिओनार्दो दा विंचीच्या वह्यांची सात हजारांवर पानं आज शिल्लक आहेत. त्यात स्वतःसाठी लिहिलेली एक नोंद आहे: सुतारपक्ष्याच्या जिभेचं वर्णन कर. कुठल्याही चित्राला ही जीभ लागणार नव्हती. मी शाळेत चित्रकला शिकवते. "बाई, हे परीक्षेला आहे का?" हा प्रश्न रोज ऐकते. माझ्या मते नवं काही सुचतं ते असल्या बिनकामाच्या प्रश्नांतूनच. तुम्हाला काय वाटतं?

पक्कंकाम
अजिबात पटलं नाही. १४८१ मध्ये फ्लॉरेन्सजवळच्या एका मठानं त्याला चित्राचं काम दिलं. ते अर्धवट टाकून हा मिलानला गेला. मठानं पंधरा वर्षांनी दुसऱ्या चित्रकाराकडून करून घेतलं. 'द लास्ट सपर' या त्याच्या भिंतीवरच्या चित्राचीही वाटच लागली. भित्तिचित्र ओल्या गिलाव्यावर झटपट उरकावं लागतं, म्हणजे रंग भिंतीत मुरतो. याला सावकाश, बदल करत रंगवायचं होतं, म्हणून कोरड्या भिंतीवर प्रयोग केला. १४९८ च्या सुमारास चित्र झालं आणि त्याच्या हयातीतच खराब व्हायला लागलं. मी भिंती रंगवतो. दोन पावसाळ्यांत पोपडे निघाले तर गिऱ्हाईक मला परत दारात उभं करणार नाही.

झडप
भिंतीचं मान्य. पण मी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करते, त्यामुळे माझ्यासाठी लिओनार्दो वेगळा आहे. महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, झडपेला तीन पाकळ्या असतात. रक्त बाहेर पडताना पाकळ्यांमागे भोवरे होतात आणि त्यांनी झडप मिटायला मदत होते, हे त्यानं लिहून ठेवलंय! काचेचा नमुना करायचा, त्यात पाणी सोडायचं, पाण्यात गवताचं बी टाकायचं आणि भोवरे बघायचे, ही त्याची युक्ती. संशोधकांनी हे प्रयोगानं सिद्ध केलं विसाव्या शतकात. नदीकाठी बसून पाण्याचे भोवरे काढत बसला नसता, तर हृदयात ते त्याला दिसले असते का?

पक्कंकाम
मग छापलं का नाही? शरीररचनेचं शास्त्र बदललं ते वेसालियस या वैद्याच्या १५४३ च्या ग्रंथानं. लिओनार्दोचे कागद शिष्याकडे पडून राहिले. एकाही वैद्याला त्या भोवऱ्यांचा उपयोग झाला नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं.

रेघोट्या
वाईट मलाही वाटतं. ज्याच्याबरोबर तो हे काम करत होता तो तरुण प्राध्यापक, मार्कांतोनिओ देल्ला तोर्रे, १५११ मध्ये वारला, हेही धरा. पण उपयोग झालाच नाही असं म्हणू नका. ओठ हलवणारे स्नायू त्यानं प्रेतं फाडून पाहिले, एकेक करून काढले. त्याच वर्षांत मोनालिसाचे ओठ रंगवणं चालू होतं. ते हसू नुसत्या हातोटीनं येत नाही.

झडप
+१. बाकी, त्या जिभेचं पुढे काय?

पक्कंकाम
काल रात्री तेच वाचत बसलो होतो. जिभेला आधार देणारी हाडं कवटीच्या मागून वर वळून पार कपाळापर्यंत येतात. बाई, चित्र काढून दाखवा वर्गात.