डिटरमायनर हा काय प्रकार आहे? आमच्या वेळी तर हे सगळे ॲडजेक्टिव्ह होते!

वरणफळ: लेक सहावीत आहे. परवा तिचं इंग्रजी व्याकरण घेऊन बसलो तर पुस्तकात डिटरमायनर म्हणून वेगळाच धडा, त्यात अ, ॲन, द, धिस, माय, सम, एव्हरी, टू, थ्री सगळं एका पोत्यात भरलंय. आमच्या वेळी माय म्हणजे पझेसिव्ह ॲडजेक्टिव्ह, धिस म्हणजे डेमॉन्स्ट्रेटिव्ह ॲडजेक्टिव्ह, अ-ॲन-द आर्टिकल, संपला विषय. बरं, तिने वाक्य केलं "माय धिस फ्रेंड लिव्ह्ज इन नाशिक" आणि मी छाती ठोकून सांगितलं बरोबर आहे म्हणून, तर बाईंनी त्यावर लाल फुली मारली 😐 घरात माझी पत गेली. चुकलं काय पण? "माझी ही मैत्रीण" असं आपण म्हणतोच की.

खडूफळा: फुली बरोबर आहे दादा, सॉरी. शिकवण्या घेतो, हीच चूक दरवर्षी वहीत सापडते. ॲडजेक्टिव्ह कितीही लावा, "बिग ओल्ड रेड बस" कोणी अडवत नाही. पण अ, द, धिस, माय, एव्हरी या मंडळींसाठी नामाआधी एकच सीट असते, एसटीत रुमाल टाकून धरतात तशी. माय बसला की धिसला जागा नाही. मग एकाला शेपटीला पाठवायचं: "धिस फ्रेंड ऑफ माइन". "अ माय फ्रेंड" पण म्हणूनच नाही, "अ फ्रेंड ऑफ माइन". मराठीत अशी राखीव सीटच नाही, "माझी ही", "ही माझी", "माझी ती एक" सगळं चालतं, त्यामुळे आपल्याला ते खटकतच नाही.

आणि यांना ॲडजेक्टिव्हमधून बाहेर का काढलं ते बघा. "आय बॉट अ रेड पेन" मधला रेड काढला तर वाक्य उभं राहतं, अ काढून "आय बॉट रेड पेन" केलं की लंगडं. मोजता येणारं एकवचनी नाम इंग्रजीत सहसा उघडं फिरत नाही, त्याच्यापुढे काहीतरी लागतं. पेन्स केलं, किंवा मिल्क, राइस असं न मोजता येणारं असलं तर चालतं.

शंकेखोर: एकच सीट म्हणता, मग "ऑल माय फ्रेंड्स" आणि "माय टू ब्रदर्स" कसं काय चालतं??

खडूफळा: ते मी मुद्दाम गाळलं होतं, लेक सहावीत आहे म्हणून 😄 ऑल, बोथ, हाफ हे सीटच्या पुढे उभे राहू शकतात (बोथ माय ब्रदर्स, हाफ द क्लास), आणि आकडे, मेनी, फ्यू हे सीटच्या मागे (माय टू ब्रदर्स). पण सम मात्र सीटवालाच, म्हणून "सम माय फ्रेंड्स" नाही, मध्ये ऑफ घालून "सम ऑफ माय फ्रेंड्स". एव्हरीचं पण तेच, "एव्हरी माय फ्रेंड" नाही.

शंकेखोर: आणि "हिज एव्हरी वर्ड"? त्यात हिज पण आहे आणि एव्हरी पण. बघा, सापडला की नाही विनातिकीट प्रवासी.

खडूफळा: सापडला. माय, हिज, हर यांच्यामागे एव्हरी चालतो खरा, जरा पुस्तकी वाटतो एवढंच. "द एव्हरी" मात्र कधीच नाही. हे लेकीला आत्ता सांगू नका प्लीज.

आजोळची_ओसरी: मराठीत सीट नाही हे मान्य, पण काम आपण करतोच. आजीची कहाणी आठवा, आटपाट नगर होतं, तिथे एक राजा होता, राजाला दोन राण्या होत्या, एक आवडती एक नावडती. पहिल्यांदा "एक राजा", नंतर नुसता "राजा". इंग्रजीत पहिला अ, दुसरा द. आपण ओळख झाल्यावर काहीच लावत नाही आणि इंग्रज तिथेच द लावतो, त्यामुळे आपल्या पोरांच्या निबंधात द गळतात आणि मग भीतीपोटी नको तिथे पेरले जातात. अजून एक गंमत म्हणजे "मुलगी बघितली" आणि "मुलीला बघितलं" यातला फरक लग्न ठरवणाऱ्या घरात कोणालाही कळतो, पहिल्यात कोणतीतरी स्थळ म्हणून, दुसऱ्यात ती ठरावीक. आर्टिकल नाही पण ला आहे ना.

आणि अ म्हणजे मुळात वनच. जुना शब्द ॲन, व्यंजनापुढे त्याचा न झिजला. द हा दॅटच्या घराण्यातला, म्हणजे आपले एक आणि तो. या न च्या भानगडीत अंपायरचा बळी गेलाय, मध्ययुगीन इंग्रजीत "अ नंपायर" सारखा उच्चार होता, लोकांनी न पुढच्या शब्दातून उचलून मागे चिकटवला आणि झालं "ॲन अंपायर". एप्रनचंही तेच.

चहाबाज: अंपायरचा निर्णय चुकीचा का असतो ते आज कळलं 😂 जाता जाता एक, फ्यू आणि अ फ्यू जपून वापरा. "आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स" म्हणजे आहेत चार जण, "आय हॅव फ्यू फ्रेंड्स" म्हणजे जवळजवळ कोणी नाही बिचाऱ्याला. मी नवीन ऑफिसात पहिल्याच आठवड्यात दुसरं वाक्य बोललो, दुपारी मॅनेजरने प्रेमाने जेवायला शेजारी बसवलं.

वरणफळ: सगळ्यांना धन्यवाद. रुमालाचं लेकीला सांगितलं, एका मिनिटात पटलं. दुसऱ्या मिनिटाला विचारते, मग "व्हॉट अ बिग बस" मध्ये व्हॉट आणि अ शेजारी शेजारी कसे बसले?

खडूफळा: व्हॉट आणि सच हे ऑल-बोथच्या रांगेतले, सीटच्या पुढे उभे. पोरगी हुशार आहे, तुम्ही तेवढं बाईंशी भांडायला जाऊ नका.