मदत हवी आहे: जर्मनीत मोत्यासकट भाड्याचं घर

मंडळी, रत्नागिरीहून डिसेंबरात म्युनिकला चाललोय. सोबत माझा कुत्रा मोत्या, वय सहा, अस्सल गावठी. त्याला तिकडे नेण्यासाठी ओळखीची मायक्रोचिप, मग रेबीजची लस, 30 दिवसांनंतर लसीचा परिणाम बघणारी रक्ततपासणी झाली. रक्त घेतल्यापासून 3 महिने थांबायचं, तेही जमेल. घोडं अडलंय घरापाशी. कुत्रा म्हटलं की मालकांचं उत्तरच येत नाही. भाड्याच्या छापील करारात कुत्र्यामांजरांवर सरसकट बंदी चालत नाही, असा तिथल्या वरिष्ठ न्यायालयाचा 2013 चा निकाल आहे. पण भाडेकरू निवडणार मालकच ना! आधी महिनाभर फर्निश्ड खोली घेऊन तिथून शोधावं का? अर्जात कुत्र्याबद्दल तुम्ही काय लिहिलंत? आई म्हणते, इथेच राहू दे त्याला. पण बॅग काढली की हा पडवीत माझ्या चपलांवर डोकं ठेवून बसतो.