मालवणच्या धक्क्यावरून सूर्यास्त: हिरवा ठिपका आणि पांढुरकी झाक

प्रश्न (धक्का_मालवण):
संध्याकाळी धक्क्यावरून सिंधुदुर्ग घेताना सूर्य किल्ल्यामागे येतो. डीएसएलआर, १८-५५ लेन्स (१८ ला रुंद दृश्य, ५५ ला जवळचं), पुढे यूव्ही फिल्टर (लेन्सवर बसवायची सपाट काच), हूड (लेन्सपुढची उजेड अडवणारी कडी) लावलेला, एफ/१६ (लेन्सचं छिद्र लहान; एफ/८ ला मोठं). सूर्य वर डावीकडे असला की खाली उजवीकडे हिरवट ठिपका येतो. शिवाय सगळ्या फोटोवर पांढुरकी झाक बसते, तटाचा काळा रंग राखाडी होतो. पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) घेतला तर हे जाईल का?

भिंगवाला:
यासाठी पोलरायझर घेऊ नका. ठिपका आणि झाक, दोन्हींची कारणं वेगळी आहेत.

आधी ठिपका. सूर्यापासून फोटोच्या बरोबर मध्यावरून रेघ ओढा. पलीकडे तेवढ्याच अंतरावर ठिपका सापडला, तर तो बहुतेक फिल्टरचाच. सेन्सरवरून (कॅमेऱ्यातल्या प्रतिमा टिपणाऱ्या भागावरून) परतलेला उजेड फिल्टरच्या सपाट काचेवर आपटून पुन्हा आत येतो आणि सूर्याची उलटी प्रतिमा उमटते. रात्री धक्क्यावरच्या दिव्यांचेही असेच जोडीदार दिसतात.

कोटिंग (उजेड कमी परतवणारा पातळ लेप) नसलेल्या काचेची प्रत्येक बाजू सुमारे ४ टक्के उजेड परतवते. चांगल्या मल्टिकोटिंगवर तो अर्ध्या टक्क्याखाली येतो. फिल्टर लावला की अशा दोन बाजू वाढतात. सूर्य चौकटीत असेल तेवढा वेळ फिल्टर काढा, फोटो झाला की लगेच परत लावा. खाऱ्या तुषारांपासून लेन्स तोच वाचवतो.

एफ/१६ ला लेन्सच्या आतले ठिपकेही लहान आणि ठसठशीत होतात, एफ/८ ला पसरून विरतात. पण सूर्याला टोकदार किरण हवे असतील तर एफ/१६ सारखं लहान छिद्र लागतं.

खारा_वारा:
झाक बहुधा मिठाची. खोलीत अंधार करून पुढच्या काचेवर बाजूने टॉर्च मारा. समोरून स्वच्छ दिसणारी काच धुकट दिसेल. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून विरघळतं, किनाऱ्यावर ते नेहमीचंच. सुकलं की त्याचे कण होतात. म्हणून शर्टाच्या टोकाने पुसायचं नाही: ओलं असेल तर फासलं जातं, सुकं असेल तर कोटिंगवर चरे पडतात.

आधी ब्लोअरने वाळू उडवा, लेन्स खाली तोंड करून. मग मायक्रोफायबर कापडावर डिस्टिल्ड वॉटरचे दोन-तीन थेंब घ्या. थेंब काचेवर टाकू नका, कडेने आत उतरतात. कापड न दाबता मध्यापासून कडेकडे गोल फिरवा, दर वेळी कापडाची नवी घडी. मीठ गेल्यावरच लेन्स क्लीनर, तेलकट बोटांच्या ठशांसाठी. फिल्टरच्या दोन्ही बाजूही अशाच पुसा.

एसी गाडीतून कॅमेरा बाहेर काढला की काचेवर दव धरतं, तेही अशीच झाक देतं. ते पुसू नका. बॅग बंद ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या.

तिरपा_उजेड:
हूडबद्दल राहिलं. सूर्य चौकटीतच असेल तर हूडचा उपयोग शून्य. तो चौकटीबाहेरचा उजेड अडवतो, आणि या लेन्सचा हूड १८ च्या रुंदीसाठी कापलेला, त्यामुळे ५५ ला तोकडा पडतो. तेव्हा टोपी किंवा पंजा आडवा धरा. पुढच्या काचेवर पूर्ण सावली पडली पाहिजे आणि हात चौकटीत येता कामा नये.

सूर्य अर्धा तटाआड जाईपर्यंत थांबलात तर झाक बरीच कमी होते. ट्रायपॉड असेल तर दोन फोटो घ्या, एक नेहमीचा, दुसरा सूर्यावर अंगठा धरून, आणि नंतर जोडा. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून (डोळा लावायच्या खिडकीतून) सूर्याकडे बघू नका, डोळ्याला कायमची इजा होते. लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचं दृश्य) वापरा.

पोलरायझर पाण्यावरची चमक काढतो: पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन करून बघताना सर्वांत जास्त. तारकर्लीच्या उथळ पाण्याचा तळ दाखवायला घ्याच. पण एक ते दोन स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) उजेड जातो, आणि सूर्यासमोर तोही फिल्टरच.

धक्का_मालवण:
आभारी आहे. मोबाइलला तर फिल्टर नसतो, तरी हिरवा ठिपका का?

भिंगवाला:
त्याच्या लेन्सवर संरक्षक काच असते, ती काढता येत नाही. पण तो ठिपका मध्याच्या बरोबर पलीकडे येतो, म्हणून सूर्य चौकटीच्या मध्यावर आणा, म्हणजे ठिपका सूर्याच्याच अंगावर पडतो. किल्ला हवा तिथे नंतर क्रॉप करून आणता येतो.